सासरे, रेझिन आणि ळ

मी घरी बसून सबटायटलं लिहिते. पडद्यावर परदेशातली माणसं रडत, भांडत असतात आणि ती काय म्हणतायत ते मी खाली मराठीत टाइप करते. दिवसाचे सात-आठ तास. लॅपटॉपच्या चपट्या बटणांनी बोटं दुखायला लागली तेव्हा मी एक मेकॅनिकल कीबोर्ड घेतला. म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते, बटणाची टोपी उपटून काढता येते आणि दाबलं की टक्क असा आवाज येतो.

बोरीवलीच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं चार. मी, नवरा, सासू आणि सासरे. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी आतून विचारलं, "कोण सुपारी कातरतंय?" नवरा घरून काम करतो तेव्हा त्याच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, तुमच्याकडे गारा पडतायत का. पण मला तो आवाज आवडायचा. आपण काम करतोय असं निदान घराला तरी कळतं.

मग एक दिवस मी एक व्हिडिओ बघितला. एक बाई कीबोर्डच्या बटणाची टोपी हाताने बनवत होती. मूळ टोपीचा रबरासारखा साचा करायचा, त्यात पातळ रेझिन ओतायचं, ते काचेसारखं घट्ट झालं की काढायचं. तिच्या टोपीच्या आत अख्खा समुद्र होता. लाटा, वाळू, नखाएवढी होडी. मी तो व्हिडिओ लागोपाठ तीनदा बघितला आणि नवऱ्याला म्हटलं, "मी हे करणार."

"कर ना," तो म्हणाला. "माळ्यावर अजून थोडी जागा आहे."

माळ्यावर माझं क्रोशाचं सामान, काचेच्या बरणीतली बाग (आता नुसती बरणी) आणि कॅलिग्राफीचे बोरू होते. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

"दर गणपतीला एकशे एक मोदक साच्यात काढते मी," मी म्हटलं. "साचा हा प्रकार मला नवा नाहीये."

सामान आलं. साच्यासाठी सिलिकॉनचे दोन डबे होते, एक पांढरा, एक निळा. दोन्हीतलं सारखं घ्यायचं आणि कणकेसारखं मळायचं. मग तो गोळा मूळ टोपीवर दाबून बसवायचा. अर्ध्या तासात तो खोडरबरासारखा घट्ट होतो. हातमोजे घाला, असं लिहिलेलं होतं. मी मेडिकलच्या दुकानातून पांढरे हातमोजे आणले, बाल्कनीत जुनं टेबल लावलं आणि मळलं. अर्धा तास थांबले. गोळा जसाच्या तसा मऊ. एक तास थांबले. बोट लावलं तर चघळलेल्या च्युइंगगमसारखा बोटाला चिकटला.

पहिल्यांदा मी हवेला दोष दिला. दुसऱ्यांदा विकणाऱ्याला. तिसऱ्यांदा आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्याला, की हा वजन नीट दाखवतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "त्या काट्यावर गेली आठ वर्षं तुझे केक फुगतायत."

या सगळ्या वेळात माझे सासरे माझ्यापासून हातभर अंतरावर, बाल्कनीतल्याच खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते, ते स्वतः घाटकोपरला एका डेंटल लॅबमध्ये. पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी ते तिथे नक्की काय करायचे हे मी कधी विचारलं नव्हतं. 'डेंटल लाइनमध्ये होते' एवढं मला माहीत होतं आणि तेवढं मला पुरलं होतं. आमचं बोलणं म्हणजे चहा, औषध, आणि पंखा दोनवर करू का तीनवर.

चौथ्या वेळी मी हातमोजे चढवत होते तेव्हा पेपराच्या मागून आवाज आला.

"ते काढ."

"काय काढू, बाबा?"

"हातमोजे. काढ आणि हात साबणाने धू. मग मळ."

त्यांनी पेपर खाली घेतला. "हे रबराचे हातमोजे आहेत. रबरात गंधक असतं. गंधक लागलं की हे सिलिकॉन रुसतं, घट्ट होत नाही. आमच्याकडे नवीन डॉक्टर अशीच मापं पाठवायचे. लिबलिबीत. आणि वर फोन करून आम्हालाच झापायचे."

"तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होय तर."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस खंय?" ते म्हणाले. सासरे स्वतःवर खूश असले की मालवणीत शिरतात.

आतून सासूबाई ओरडल्या, "माझ्याशी पण असंच करतात! डाळ करपल्याचा वास ह्यांना आधी येतो. सांगणार कधी, तर पानात वाढल्यावर!"

मी हात धुतले, मळलं, टोपीवर दाबलं. बरोबर पंचवीस मिनिटांनी सासऱ्यांनी खुर्चीतून वाकून त्या गोळ्यात नख रुतवून बघितलं. नखाची खूण राहिली नाही. "झाला," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला. मला राग आला होता हे खरं, पण साचा इतका सुबक निघाला होता की रागावायला वेळ मिळाला नाही.

साचा जमला म्हणजे सगळं जमलं असं मला वाटलं. रेझिनने ते वाटणं उतरवलं. दोन बाटल्यांतलं मिसळायचं, नीट ढवळायचं, साच्यात ओतायचं आणि दिवसभर हात न लावता राहू द्यायचं. यातलं शेवटचं मला सगळ्यात कठीण गेलं. पण खरी अडचण बुडबुड्यांची. मला बटणाच्या आत समुद्र हवा होता, निघाला सोडावॉटर. दुसरं बटण त्याहून वाईट. तिसरं साच्यातून काढताना त्याच्या पोटातली अधिक चिन्हासारखी खाच, जी कीबोर्डवर बसते, तिचा एक कोपराच आत राहिला.

आता मात्र मी विचारलं. शहाणपण म्हणा किंवा लाचारी. "बाबा, बुडबुडे कसे घालवायचे?"

त्यांनी पेपराची घडी केली. आयुष्यभर कोणी या प्रश्नाची वाट बघत असावं तशी, चार कोपरे जुळवून. मग उठून माझ्या शेजारी उभे राहिले. "पहिला थर ओतायचा नाही. बारीक ब्रशने लावायचा, कानाकोपऱ्यात. मग उरलेलं एकाच कोपऱ्यातून सोडायचं. केसासारखी धार. घाई केलीस की हवा कोंडते." त्यांनी करून दाखवलं. ज्या हाताला चहाचा कप धरताना बारीक कंप असतो, त्या हाताची धार अजिबात हलली नाही. मी धार बघत होते की हात, आता आठवत नाही.

बुडबुडे कमी झाले, पण गेले नाहीत. "दाब पाहिजे," सासरे म्हणाले. "घट्ट होत असताना वरून हवेचा दाब दिला की बुडबुडे इतके बारीक होतात की दिसतच नाहीत. कवळ्यांना आम्ही तेच करायचो."

"माझा कुकर!" आतून आवाज आला.

मग मला ती गोष्ट कळली. लग्नात सासूबाईंच्या भावाने त्यांना छोटा कुकर दिला होता. लॅबचं दाबाचं भांडं एकदा बिघडलं तेव्हा सासऱ्यांनी तो 'दोन दिवसांसाठी' उचलून नेला. गरम पाण्यात कवळी ठेवायची, झाकण लावायचं. तो कुकर परत आलाच नाही. "मी विचारलं की म्हणायचे, एका माणसाचे दात आहेत त्यात," सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "आणि आणला असता तरी मी त्यात भात लावला असता का?"

मी म्हटलं, मग आपला आताचा जुना कुकर घेऊ आणि सायकलच्या पंपाने... माझं वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांचा चेहरा बदलला. "कुकरमध्ये बाहेरून हवा भरायची नाही. फुटला तर हात जाईल. हे मस्करीत घेऊ नकोस." चौदा वर्षांत ते माझ्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. मग लगेच मऊ होऊन म्हणाले, "उद्या साकीनाक्याला जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तयार होते. मेट्रोने गेलो, मध्ये एकदा बदलून. साकीनाक्याला उतरल्यावर ते पुढे आणि मी मागे. गल्ल्या इतक्या अरुंद आणि तिथे एका वेळी इतकी यंत्रं चालू की माझा कीबोर्ड मला देवघरातल्या घंटीसारखा वाटायला लागला. एका गाळ्यात साठीच्या पुढचे एक गृहस्थ कॉम्प्रेसर उघडून बसले होते. सासऱ्यांना बघून ते उठले, हात पुसले आणि म्हणाले, "अरे, मास्तर! या या."

मी मागे वळून बघितलं, कोण मास्तर आलेत म्हणून.

लॅबचा कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं हेच दुरुस्त करायचे. दोघांच्या गप्पा झाल्या, कोण आहे, कोण गेलं. मग सासऱ्यांनी काम सांगितलं. रंगकामवाले वापरतात ती दाबाची टाकी हवी, छोटी, वर काटा आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह नवा बसवून.

"कशाला पाहिजे मास्तर? परत दात सुरू केले का?"

"नाही. सूनबाई कीबोर्डची बटणं बनवते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. डॉक्टर रिपोर्ट वाचून झाल्यावर बघतात तसं. "मॅडम, बटणं बाजारात मिळतात हो."

मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "दात पण मिळतात बाजारात."

यावर गाळेवाले इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. मग त्यांनी टाकी काढली, साबणाचं पाणी लावून कुठून हवा सुटते का बघितलं, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि काट्यावर लाल रंगाने एक रेघ मारून दिली. "ह्याच्या पुढे न्यायचं नाही. हे मास्तरांना माहीत आहे. तुम्हाला सांगतोय."

टाकीसोबत छोटा कॉम्प्रेसरही आला. तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी पाचव्या मिनिटाला दारात. "पंक्चरचं दुकान काढलंत का?" सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि हे सगळं किती नाजूक वैद्यकीय काम आहे ते समजावलं. त्या काय म्हणाल्या ते मी मुद्दाम ऐकलं नाही. पण सेक्रेटरींनी सकाळी अकरा ते बारा अशी वेळ ठरवून दिली आणि जाताना मला नमस्कार केला.

टाकीतून निघालेलं पहिलं बटण. निळं, आरपार, आत तळाला पांढरी वाळू. एकही बुडबुडा नाही. मी नाचायचीच बाकी होते. सासऱ्यांनी कपाटातून डोळ्याला लावायचं भिंग आणलं, बटण खिडकीशी धरलं, फिरवलं, परत फिरवलं.

"आत केस आहे," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"मला टक्कल आहे."

त्यानंतर मी डोक्याला रुमाल बांधून रेझिन ओतायला लागले. नवरा मला बघून दारातूनच दिवाळीची साफसफाई काढलीस का असं विचारायचा.

एकदा मी टाइप करत असताना सासरे मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर मराठी उमटत होतं आणि बोटांखाली इंग्रजी एबीसीडी. त्यांना ते विचित्र वाटलं. मी सांगितलं की कुठल्या बटणावर कुठलं अक्षर आहे ते मला पाठ आहे. एन दाबलं की ल येतो, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.

"म्हणजे ळ ला स्वतःचं बटणच नाही?"

"ल च्या खोलीत पोटभाडेकरू आहे तो."

संध्याकाळी त्यांनी कपाटाच्या तळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात मेण कोरायच्या बारीक सुऱ्या होत्या, कानशी, कार्बनसारख्या निळ्या कागदाच्या पट्ट्या, आणि एका पट्टीवर ओळीने लावलेले वेगवेगळ्या छटांचे खोटे दात. प्रत्येकाखाली नंबर. निवृत्त झाल्यापासून तो डबा उघडला नव्हता. त्यांनी कोऱ्या टोपीवर मेणाचा पातळ थर दिला आणि कोरायला बसले. वरच्या बाजूला ल, आणि माझ्याकडे तोंड असलेल्या उतारावर ळ. चार दिवस लागले. दोनदा पूर्ण पुसून पुन्हा. मी विचारलं, एवढं काय त्यात? तर म्हणाले, "ळ चं दुसरं पोट पहिल्यापेक्षा जाड होतंय."

रंगावरून आमचं भांडण झालं. मला जांभळ्यात सोनेरी वर्ख हवा होता. त्यांना दाताचा रंग.

"बाबा, हे बटण आहे. दाढ नाही."

"लग्नातल्या बॅनरसारखं करून काय मिळणार? डोळ्यांना त्रास. रंग असा पाहिजे की आहे हे कळू नये."

शेवटी त्यांचं ऐकलं. पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब, तपकिरीचा टाचणीच्या टोकाएवढा. ते मिश्रण त्यांनी काडीवर घेतलं, छटांच्या पट्टीला लावून खिडकीशी धरलं, मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "जरा हस बघू."

"मी काय तुमचा कॅटलॉग आहे?"

पण हसल्या. त्यांची कवळी सासऱ्यांनीच केलेली आहे. हे मात्र मला माहीत होतं, कारण दर वेळी चकली खाताना त्या ते सांगतात.

ळ चं बटण झालं आणि ते खरंच सुंदर झालं. हाताला गार, गुळगुळीत, अक्षर बोटाला लागेल इतकंच खोल. त्याच सुमाराला अंधेरीला कीबोर्डच्या हौशी लोकांचा एक मेळावा होता. असे लोक असतात आणि ते भेटतात, हे मला नवीनच होतं. मी माझी पाच बटणं डबीत घातली. सासरे म्हणाले, "मेट्रोत बसायला मिळेल, मी पण येतो."

एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर तीसेक माणसं जमली होती. टेबलांवर कीबोर्ड मांडलेले, वधूवर मेळाव्यासारखे. येणारा प्रत्येक जण थोडं दाबून बघायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. सगळे पंचविशी-तिशीतले. माझ्याकडे बघून त्यांनी जरा आवाज कमी केला आणि सासऱ्यांकडे बघून तर खुर्चीच आणली. उद्घाटनाला कोणाला बोलावलंय की काय, अशी एकाने दुसऱ्याकडे चौकशी केली ती मला ऐकू आली.

मुलुंडहून आलेली एक मुलगी माझ्या डबीवर वाकली. वकिलाकडे मराठी कागदपत्रं टाइप करायची आणि स्वतःचा कीबोर्ड तिने सुटे भाग जोडून स्वतः बनवला होता. "ए, ळ आहे! यार, ळ! लावून बघू?"

मी मोठ्या तोऱ्यात तिच्या कीबोर्डवर माझं बटण दाबलं. जरा घट्ट गेलं. तिने दोन-चारदा टाइप केलं, झकास म्हणाली. मग मी ते काढायला गेले. निघेना. तारेचा चिमटा लावून ओढलं. अजून जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि माझं बटण तिच्या कीबोर्डच्या स्विचचं, म्हणजे टोपीखालच्या स्प्रिंगच्या डबीचं, वरचं झाकण घेऊन वर आलं. आतली स्प्रिंग उडाली आणि टेबलावरून कुठेतरी गेली.

"इट्स ओके," ती म्हणाली. ज्या आवाजात म्हणाली त्यावरून ते ओके नव्हतं. चार-पाच जण खाली वाकून स्प्रिंग शोधायला लागले, मीही टेबलाखाली शिरले. वर माझ्या अब्रूची वाट लागलेली असताना मला सासऱ्यांचा शांत आवाज ऐकू आला.

"दे इकडे ते."

मी टेबलाखालून बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. खिशातून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली. ती ते कायम जवळ बाळगतात. दोरा बटणाच्या दोन्ही बाजूंनी घातला आणि दोन्ही हातांनी सारखा, अगदी हळू, वर घेतला. बटण सुटलं. स्विचला ओरखडासुद्धा नाही. स्प्रिंग एका मुलाच्या बुटाच्या नाडीत सापडली. त्या मुलीने स्विच पुन्हा जोडला, दाबून बघितला. चालू होता.

"सॉरी," मी तिला म्हटलं. "मी आधी माझ्या कीबोर्डवर लावून बघायला हवं होतं."

"लावलं नव्हतंत?"

"नाही." खरं सांगायचं तर बटण इतकं छान झालं होतं की ते बसेलच असं मी धरून चालले होते.

सासरे तोवर खिशातून रुमाल काढून मांडीवर पसरत होते. रुमालातून निघालं भिंग, कानस आणि निळ्या कागदाची पट्टी. म्हणजे मेट्रोत बसायला आलेला माणूस पूर्ण तयारीनिशी आला होता. "पहिल्या दिवशी बरोबर बसलेली कवळी मी आयुष्यात बघितली नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "कुठे घासतंय ते आधी बघायचं. मग तेवढंच काढायचं." त्यांनी निळ्या कागदाचा बारीक तुकडा बटणाच्या खाचेत धरला, एका सुट्या स्विचवर हलकेच टेकवलं, काढलं. आत एका बाजूला निळा ठिपका. तो भिंगातून बघून कानशीने दोनदा घासला. पुन्हा कागद, पुन्हा ठिपका, आता लहान. असं पाच-सहा वेळा. लोक कीबोर्ड सोडून त्यांच्याभोवती जमले. कोणी विचारलं, रेझिनला दाब किती देता, कोणी विचारलं, दमट हवेत धुरकट होतं त्याचं काय करायचं. ते काम न थांबवता उत्तरं देत होते. एकाने विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या स्टुडिओत होता?"

"दातांच्या," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी बटण त्या मुलीच्या हातात दिलं. "आता तू लाव. जोर नको."

तिने लावलं. हलका टक्क झाला. उपटून बघितलं, अलगद निघालं. पुन्हा लावलं आणि टाइप करायला लागली. बाळ, केळं, काळोख, सगळा घोळ, खुळा. खुळा लिहिल्यावर स्वतःच हसली. सासरे भिंग डोळ्याला तसंच ठेवून तिच्याकडे बघत होते. त्यामुळे त्यांचा एक डोळा भलताच मोठा दिसत होता, आणि ती त्याला बघून अजून हसायला लागली.

बटण तिलाच दिलं. दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतंही.

परत येताना मेट्रोत दोघांना बसायला मिळालं. जोगेश्वरी गेल्यावर सासरे म्हणाले, "पस्तीस वर्षांत मी केलेले दात घालून माझ्यासमोर कोणी हसलं नाही गो. माप यायचं डब्यातून, दात जायचे डब्यातून. हसायचं ते तिकडे, डॉक्टरकडे."

"आई हसतात की," मी म्हटलं.

"ती कुठे हसते? ती मला हसते."

मग मी त्यांना लॅबबद्दल विचारायला सुरुवात केली. बोरीवली येईपर्यंत विचारत होते. चौदा वर्षं उशीर झाला होता, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. उलट स्टेशनवर उतरून जिना संपेपर्यंत कुठल्याशा पुढच्या दोन दातांची गोष्ट चालूच होती.

पुढच्या काही महिन्यांत त्यांनी अख्खी वर्णमाला काढायला घेतली. क, च, त, प, सगळी त्याच दाताच्या रंगात. छटांची पट्टी त्यांनी बाजूला ठेवली होती. "आता डोळ्यात बसलाय रंग," म्हणायचे. मला दर नवं बटण आधीच्यापेक्षा थोडं पिवळं वाटायचं. मी समजले, हे त्यांना मुद्दाम जुन्या हस्तिदंतासारखं हवं असेल. मास्तर म्हणतात लोक त्यांना, मी काय बोलणार.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे, महिन्याच्या अंतराने. काळा चष्मा सुटला त्या सकाळी ते बाल्कनीत गेले आणि बटणांचा डबा उघडला. आम्ही आतून ओरडणं ऐकलं.

"हे कोणी केलं? हे तंबाखू खाणाऱ्याचे दात आहेत!"

नवरा धावत गेला. मला हसू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरातच थांबले. सासरे एकेक बटण उन्हात धरून बघत होते आणि प्रत्येकाला वेगळी शिवी देत होते. मग आत येऊन सासूबाईंच्या तोंडाकडे रोखून बघितलं. त्या पोळी लाटायच्या थांबल्या.

"तुझे बरे दिसतायत," ते म्हणाले.

"माझे तुम्ही डोळे चांगले असताना केलेत," त्या म्हणाल्या. "आणि आता नीट दिसायला लागलंय तर तो पंख्यावरचा जळमटांचा गठ्ठा पण बघा."

पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. मुलुंडच्या मुलीकडे गेलेलं बटण सगळ्यात पहिलं, पट्टीला लावून केलेलं, तेव्हा ते बहुधा ठीकच असणार. पण त्यांना चैन पडेना. माझ्याकडून नंबर घेऊन त्यांनी तिला स्वतः निरोप लिहिला. माझ्या कीबोर्डवर, एका बोटाने, अर्धा तास बसून. की आपल्याकडे गेलेल्या बटणाच्या रंगात दोष असण्याची शक्यता आहे, तरी ते परत पाठवावे, नवीन करून देण्यात येईल, तसदीबद्दल क्षमस्व.

दुपारी तिचं उत्तर आलं. बटणाचा फोटो होता. रोजच्या टायपिंगने वरचा ल जरा चकचकीत झाला होता. खाली लिहिलं होतं, काका, हे मी कोणाला देणार नाही. नवीन केलंत तर ते पण पाठवा.

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. फोटो मोठा करून बघितला, चष्मा लावून आणि काढून. मग म्हणाले, "ती डाव्या बाजूला जास्त दाबते. एका अंगाने झिजलंय." आणि मेणाची सुरी शोधायला बाल्कनीत गेले.